आजींना काय सांगायचं?

कर्वेनगर, पुणे

प्रिय पोरी,

काल रात्री तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. तुझ्याकडे स्पीच थेरपीला येणाऱ्या, अजून न बोलणाऱ्या अडीच वर्षांच्या त्या मुलाची आजी सेशन संपताना म्हणाली, ‘तुम्ही नुसत्या खेळताय त्याच्याशी, बोलायला कधी शिकवणार?’ तू तिच्यासमोर गप्प राहिलीस आणि मग पार्किंगमध्ये जाऊन रडलीस. रडण्याचं काही नाही गं. पहिल्या वर्षी मी पीएमटीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडत घरी जायचे. पण त्या आजींना द्यायला तुझ्याकडे उत्तर नव्हतं, ते मला खटकलं.

आधी एक हिशेब कर. तुझं सेशन पाऊण तासाचं, आठवड्यातून दोनदा, म्हणजे दीड तास. मूल दिवसाचे १२ तास जागं असतं असं धर, आठवड्याचे झाले ८४. उरलेले साडेब्याऐंशी तास ते कोणाजवळ असतं? बहुतेक आजींजवळ, कारण आई हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजतात. दीड तासात तू त्याला शब्द शिकवायला गेलीस तर हरशील. त्या दीड तासात तुझी खरी विद्यार्थिनी आजी आहे, आणि तिला तर तू दाराबाहेरच्या खुर्चीवर बसवून ठेवलंस. पुढच्या वेळी तिला आत घे, सतरंजीवर. गुडघे दुखत असतील तर स्टूल दे.

त्या घरात काय चालतं ते मी न बघताही सांगते. ‘सोन्या, हे काय आहे? सांग ना. चेंडू म्हण. चेंऽऽडू. काकांना म्हणून दाखव.’ दिवसभर ही तोंडी परीक्षा. जेवताना आपल्याला कोणी ‘भाजीचं नाव सांगा, मगच वाढते’ म्हणालं तर आपणही ताटावरून उठू. पोरगं मान फिरवतं ते त्यामुळेच, त्याला हट्टी म्हणू नकोस. घरच्यांना सांग, विचारणं कमी करा आणि जे घडतंय ते बोला. चेंडू घरंगळला की ‘गेला! पलंगाखाली गेला.’ आणि मग गप्प बसा, मनात दहापर्यंत आकडे मोजत. (पुण्यातल्या माणसाला दहा आकडे गप्प बसवणं हीच खरी थेरपी.) सहा-सात आकडे होतात तोवर पोर वर बघतं, बोट दाखवतं, नुसतं ‘आ’ करतं. त्या ‘आ’ला शब्दाइतकाच मान द्यायचा: ‘हो, काढू या.’ पुढे कधीतरी ते ‘गेला’ म्हणालं की आपण ‘चेंडू गेला’ म्हणायचं. एकच पायरी वर. ‘चेंडू पलंगाखाली गेला असं म्हण बघू’ ही पायरी नव्हे, तो जिना झाला.

तू बुडबुड्यांच्या बाटलीचं झाकण घट्ट लावून त्याच्या हातात दिलंस आणि थांबलीस. उत्तम केलंस. चूक एवढीच, की का थांबलीस ते आजींना सांगितलं नाहीस. ‘त्याला माझी गरज पडावी म्हणून झाकण घट्ट लावलंय’ असं म्हणाली असतीस तर त्यांना पटकन उमगलं असतं, कारण हे त्या वर्षानुवर्षं करत आल्यात. हा घास चिऊचा, हा काऊचा म्हणत घास तोंडाजवळ न्यायचा आणि बाळ ‘आ’ करेपर्यंत हात थांबवायचा. आपल्या पुस्तकांत ज्याला आळीपाळी म्हणतात ती हीच. मम्मं, भूभू, पापा हे शब्दही आजीचेच, आणि ते काही उगाच झालेले नाहीत. ओठांनी होणारे प, ब, म मुलांना लवकर जमतात, र आणि ळ पुष्कळ उशिरा. आजकालच्या आया असे शब्द वापरायला लाजतात. त्यांना सांग, खुशाल वापरा. आणि तो दीड हजारांचा फ्लॅशकार्डांचा संच परत कर. त्या पैशांत तुळशीबागेतून भातुकली घेऊन ये, वर चहाचे पैसे उरतील. रिकाम्या कपातून चहा प्यायला लागलं म्हणजे मूल ‘नसलेली वस्तू आहे’ असं मानायला लागलं, आणि शब्दही तेच करतो.

आता माझी एक गोष्ट ऐक. फारशी कोणाला सांगत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे तीन वर्षांचा एक मुलगा यायचा. त्याचं बोलणं म्हणजे सगळे स्वर, ‘आऊ’, ‘ओआ’. दार आपटलं की वळून बघायचा, नावाने हाक मारली की यायचा. ऐकू येतंय, असं मी ठरवून टाकलं आणि चार महिने उच्चारांवर घाम गाळला. शेवटी एका वरिष्ठ ऑडिऑलॉजिस्टने विचारलं, ‘बेरा कुठाय याची?’ बेरा म्हणजे कानात सोडलेला आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी. ती झाली. खालच्या पट्टीतलं त्याला बरंच ऐकू येत होतं, वरच्या पट्टीतलं जवळजवळ नाही. दाराचा आवाज आणि स्वर यांचा जोर खालच्या पट्टीत असतो, स आणि शचा फार वर. जो आवाज त्याच्या कानात कधी शिरलाच नाही, तो मी त्याच्या तोंडून काढायला बसले होते. त्याच्या आईने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि ते अजून टोचतं. म्हणून कुठलंही मूल येऊ दे, कितीही हुशार डोळ्यांचं, आधी कान. जन्मल्यापासून महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, हा जगभरचा दंडक आहे. तुझ्याकडे येणारी मुलं त्यात आधीच उशिरा झालेली असतात, तू आणखी चार महिने घालवू नकोस.

भाषेचं तुला रोज कोणीतरी विचारणार. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, सांभाळणाऱ्या मावशी हिंदी बोलतात, म्हणून पोर गोंधळलं का? नाही. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने बोलणं मागे पडत नाही. बोलणं मागे पडलेल्या मुलावर घरची भाषा तोडण्याचा उपाय मात्र मी पुष्कळदा पाहिलाय, आणि तो मला क्रूर वाटतो. आई अडखळत ‘गिव्ह मी द रेड बॉल’ म्हणते आणि आजीला तर काहीच बोलता येत नाही. पालकांना एवढंच सांग, की ज्या भाषेत तुम्ही रागावता आणि लाड करता, त्याच भाषेत बोला. हो, एक बाबा तक्रार घेऊन येतील, की तीन वर्षांचा मुलगा ‘मी जाते, मी खाते’ म्हणतो. हसू नकोस. तो दिवसभर आईचं ऐकतोय आणि हुबेहूब उचलतोय, म्हणजे कान आणि डोकं दोन्ही शाबूत आहेत. ‘हो, तू जातोस’ एवढं म्हणत राहायचं.

मोबाइलबद्दल आईला झाडू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय, की दोन वर्षांचं होईपर्यंत स्क्रीन नकोच, दोन वर्षांपासून पुढे दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. ते तिला ठाऊक असतं. मोबाइल काढून घेतल्यावर कुकर लावायच्या वेळात पोर काय करेल, ते तिला सांग. मटार सोलायला बसव म्हणावं. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्द घेऊन पालक येतील. निदानाच्या पुस्तकात असा कुठला आजार नाही, आणि आईच्या डोक्यावर ते ओझं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

पण ‘मुलगे उशिराच बोलतात, त्याचा बापही चौथ्या वर्षी बोलला’ यालाही मान डोलवू नकोस. वर्षाचं मूल बोट दाखवत नसेल, सोळा महिन्यांत एकही शब्द नसेल, दोन वर्षांत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द कुठल्याही वयात हरवले असतील, तर थांबणं नाही. विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे पाठव. ऑटिझमचं निदान एकटीने जाहीर करू नकोस, आणि शंका आली तर ती दडवूही नकोस. थेरपी मात्र निदानाच्या कागदासाठी अडवून ठेवायची नाही. वेखंड उगाळून चाटवताहेत म्हणाले तर वाद घालत बसू नकोस, वैद्यांना विचारून द्या म्हण आणि आपल्या कामाला लाग.

शिट्ट्या आणि मेणबत्त्या कपाटात ठेव. फुंकर मारून फुंकर सुधारते, ‘प’ येत नाही. चित्रांना मात्र घाबरू नकोस. बोट ठेवून मागता आलं तर मूल बोलायचा आळस करेल, ही भीती खोटी ठरलेली आहे. चित्रावर बोट ठेवलं की शब्द बोलून दाखवणारं, आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे ॲप मराठीतही बोलतं, ते आधी स्वतः दोन दिवस वापरून बघ.

कागदपत्रांचं थोडक्यात. पैशाची ओढाताण असलेल्या घरांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा रस्ता दाखव, २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ती सेवा मोफत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, वाचा-भाषा आणि ऑटिझम दोन्ही त्यात येतात. ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असेल तर निरामय हा सरकारी आरोग्य विमा एक लाखापर्यंत आहे, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. दिव्यांग कार्डाच्या नुसत्या नावाने घरचे बिथरतात, तेव्हा पहिल्याच भेटीत विषय काढू नकोस. आणि तुझं स्वतःचं पुनर्वास परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर लाव. पालकांना ते वाचायची सवय लागू दे.

येत्या शनिवारी साडेनऊला घरी ये. त्या मुलाच्या पुढच्या सेशनचा व्हिडिओ घेऊन ये, घरच्यांची लेखी परवानगी घेऊन आणि आजी चौकटीत दिसतील असा. झाकण बंद केल्यावर तू किती सेकंद थांबतेस आणि आजी किती, ते मला घड्याळ लावून मोजायचंय.

तुझी,
मॅडम