कुमाईत रंग चढवताना: कुशीत पाय फुटणं आणि पाठीवरची खरखर

ब्रेयर कंपनीच्या ट्रॅडिशनल मापाच्या (१:९) प्लॅस्टिकच्या मॉडेल घोड्याला एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या ब्रशने) कुमाईत रंग, म्हणजे तांबूस-तपकिरी अंग आणि काळी आयाळ, शेपटी, पाय, देताना कुशीपाशी रंगाला कोळ्यासारखे पाय फुटतात आणि पाठ मात्र खरखरीत लागते, अशी तुमची तक्रार आहे. वरवर उलट वाटणाऱ्या या दोन दोषांचं मूळ एकच आहे. अंतर बदललं, पण दाब आणि रंगाचा पातळपणा तोच राहिला. कुशीतल्या खळग्यासाठी ब्रश जवळ नेला की ओला रंग हवेच्या जोराने चारी बाजूंना पळतो. पाठीसाठी तो लांब धरला की रंग वाटेतच सुकतो आणि भुकटी होऊन बसतो.

मोठ्या भागासाठी १८–२० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) दाब आणि १०–१२ सेंमी अंतर ठेवा. कुशी, बगल, जबड्याची खाच यांसाठी दाब १०–१२ पीएसआयवर उतरवा, २–३ सेंमीवर या, रंग आणखी पातळ करा आणि ट्रिगर अगदी कणभर मागे ओढा. ब्रश ०.३ मिमी सुईचा, डबल ॲक्शन (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग) असावा. रंग कपाच्या भिंतीवर चढवून सोडल्यावर दुधासारखा ओघळला आणि मागे पातळ पापुद्रा राहिला, म्हणजे जमला. बाटलीतल्या साध्या ॲक्रिलिकमध्ये समभाग थिनरने सुरुवात करा, एअरब्रशच्या तयार रंगाला थोडेच थेंब पुरतात. नुसतं पाणी ओतत राहू नका, त्याने रंगाची पकड जाते. चाचणी कागदावर घेऊ नका. कागद ओल शोषतो, त्यामुळे पाय फुटणं दिसतच नाही. प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारलेला प्लॅस्टिकचा चमचा घ्या.

आता आहे ती खरखर १००० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावून, हलक्या हाताने काढा. ब्रेयरचं प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेट असतं, ॲसिटोनने ते विरघळतं. म्हणून जुना रंग काढायच्या फंदात पडू नका. साच्याच्या जोडाच्या शिवणी ४०० आणि मग ६०० नंबरच्या पेपरने घासा, भांड्याच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा आणि २५ सेंमीवरून राखाडी प्रायमरचे दोन-तीन पातळ हात द्या. राखाडीवर राहिलेली शिवण लगेच दिसते.

रंगांचा क्रम फिक्याकडून गडदकडे. आधी सगळ्या अंगावर यलो ऑकर (मातकट पिवळा). मग बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), पण कूस, मांडीची आतली बाजू आणि कोपरामागचा भाग सोडून. पाठ, मानेचा वरचा भाग आणि खांद्यावर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी). प्रत्येक हात इतका पातळ हवा की पहिल्या फेरीत रंग बदलल्याची जेमतेम शंका यावी. आयाळ, शेपटी, कानांच्या कडा आणि पायांना निव्वळ काळा वापरू नका, त्यात थोडा अंबर मिसळा. कुमाईत घोड्याचा काळा पाय मोजा घातल्यासारखा रेघ मारून संपत नाही, तो गुडघ्यावर विरत जातो. म्हणून खुराकडून वर जा आणि पोटावर तुषार जाऊ नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा धरा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातले फोटो असतील तर हे विरणं त्यात नीट पाहा.

घोडा पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) करायचा असेल तर चार पायांचं आणि तोंडावरचं पांढरं हाती ब्रशनेच करा. सहा-सात पातळ हात लागतात, जाड दोन हातांत थर दिसतो. नाकपुड्यांमधल्या पांढऱ्याखाली गुलाबी झाक हवी, आणि पांढऱ्या पायाचा खूर फिका.

मध्येच रंग थुंकायला लागला तर आधी सुईचं टोक बघा. तिथे सुकलेला दाणा ओल्या कापूसकाडीने पुसला की बहुतेक वेळा काम होतं. थुंकीत पाण्याचे थेंब असतील तर दोष हवेतल्या दमटपणाचा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हे हमखास होतं. पाणी पकडणारा ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटून लावला तर हवा अजून गरम असते आणि वाफ तशीच पुढे जाते. लांब नळीनंतर, हँडलजवळ लावा, आणि कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी रोज काढून टाका. धार ठोक्याठोक्याने येत असेल तर टाकी नसलेला कॉम्प्रेसर हे कारण.

मास्क ॲक्रिलिकलाही घाला. स्प्रेच्या डब्यातल्या प्रायमर-वॉर्निशला वाफ गाळणारा कार्ट्रिजचा मास्कच हवा. मॅट वॉर्निश कोरड्या दिवशी मारा, ओलसर हवेत ते पांढुरकं होतं आणि काळे पाय राखेसारखे दिसतात. डोळ्यांवर चमकदार वॉर्निशचा थेंब त्यानंतर, सगळ्यात शेवटी. आधी दिलात तर मॅटखाली तो विझतो.