गच्चीवर भेग दिसत नाही, तरी स्लॅबमधून पाणी झिरपतं. नेमकी जागा कशी शोधावी?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात शाहूपुरीला स्लॅबचं जुनं घर आहे, हॉलमध्ये पंख्याभोवती ओल येते, वर कोब्याला (स्लॅबवरच्या विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थराला) भेग नाही आणि गवंडी अख्ख्या गच्चीला केमिकल मारायला सांगतोय. मी इथे घरदुरुस्तीची कामं करतो. सगळ्यात आधी त्या पंख्याच्या लाइनचा एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पाडा आणि ओल पूर्ण सुकेपर्यंत चालू करू नका. घरात लहान मुलं असतील तर हे आजच करा.

पंख्याजवळ ओल आली म्हणजे त्याच्या बरोबर वर भोक आहे, असं धरू नका. स्लॅब भरतानाच वायरिंगचे पाइप आत टाकलेले असतात. पाणी त्यात कुठेही शिरलं की फॅनबॉक्समधून बाहेर पडतं. कोब्याखालीही तसंच होतं. पाणी विटांच्या तुकड्यांमधून आडवं सरकत जातं आणि स्लॅब जिथे कच्चा असेल तिथे उतरतं. डाग हॉलमध्ये आणि दोष जिन्याच्या बाजूला, असं मी खूप घरांत पाहिलंय.

म्हणून आठवडाभर वहीत वेळा लिहा: पाऊस कधी लागला, ओल कधी वाढली, पाऊस थांबल्यावर किती वेळ ठिबकत राहिलं. पावसाबरोबर लगेच ठिबकत असेल तर वाट उघडी आणि बहुधा जवळच असते. उशिरा सुरू होऊन उघडीप पडल्यावरही दोन-तीन दिवस चालू राहिलं, तर कोबा पाणी पिऊन बसलाय. यवतेश्वरकडून वाऱ्यासकट झड आली तरच ओल येत असेल, तर गच्ची सोडा आणि पश्चिमेची भिंत, खिडकीवरचा छज्जा, पॅरापेटचा म्हणजे गच्चीच्या कठड्याचा गिलावा तपासा. आणि उन्हाळ्यातही डाग ओला असेल तर तो पावसाचा नाहीच, टाकी किंवा नळाचा पाइप बघा.

गच्चीवर गेलात की मधल्या कोब्यापेक्षा कडा जास्त बघा. पॅरापेट आणि कोबा मिळतात तिथली वाटा (कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) सुटलेली असते, पावसाळी पाइपाच्या तोंडाभोवती फट असते. टाकीचे पाय, सोलरच्या स्टँडचे बोल्ट, डिशसाठी मारलेली भोकं हेही पाहा. कोपऱ्यात पिंपळाचं रोप असेल तर त्याची मुळं आत गेली आहेत असंच समजा. कोब्यावर हातोडीने हलकं ठोकत जा. जिथे आवाज पोकळ येतो तिथे खडूने खूण करा.

मग उघडीप मिळाली आणि डाग सुकला की पाण्याची परीक्षा घ्या. गच्चीचे भाग पाडून सिमेंट-मातीचे छोटे बांध घाला, पाइपाचं तोंड बंद करा आणि सगळ्यात खालच्या भागात इंचभर पाणी 24 ते 48 तास ठेवा. खाली ओल आली नाही तर ते पाणी सोडून द्या आणि त्याच्या वरचा भाग भरा. एका वेळी एकच भाग, नाहीतर काहीच कळत नाही. इंचभर पाण्याचं वजन चौरस मीटरला साधारण 25 किलो होतं, त्यामुळे स्लॅबचे पोपडे पडून सळ्या दिसत असतील तर पाणी साठवू नका, नळीने एकेका कडेला पाणी सोडून बघा.

ओल फक्त भिंतीवर असेल तर तिथे फूटभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेप लावून दिवसभर चिकटवा. थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडे धरले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरून खोलीच्या बाजूने धरले तर ती खोलीतली दमट हवा आहे, खिडकी उघडी ठेवा.

अख्ख्या गच्चीला केमिकल आत्ता मारू नका असं मी आग्रहाने सांगतो. ओल्या कोब्यावर थर दिला की आतलं पाणी कोंडतं, थराला फुगे येतात आणि पैसे जातात. जागा सापडली की तेवढाच कोबा फोडून खालचा स्लॅब बघा, पक्कं काम मार्च-एप्रिलमध्ये करा.

टाकी गच्चीच्या कोणत्या बाजूला आहे आणि ठिबकणं पाऊस थांबल्यावर किती वेळ चालतं, तेवढं कळवा. कोणत्या कडेपासून सुरुवात करायची ते सांगतो.