हनिमूनला ग्रीस: दहा दिवसांत अथेन्स, मिकोनॉस, नॅक्सोस, सँटोरिनी आणि क्रीट बसेल का? (नवऱ्याला समुद्र हवाय, मला जुने अवशेष)

तुमची यादी वाचली आणि आमचीच आठवली, आम्हीही अगदी हीच पाच नावं लिहिली होती. नकाशावर सगळं बसतं हो, पण मग हनिमून बोटीच्या रांगेत होतो. माझं ऐका, अथेन्स आणि दोन बेटं, नॅक्सोस आणि सँटोरिनी, बास.

का ते सांगते. बेट बदलायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच, सकाळी चेकआउट, बॅगा ओढत बंदरावर, फेरी येईपर्यंत उन्हात उभं राहायचं, पलीकडे उतरलं की पुन्हा हॉटेलपर्यंत जायची सोय बघायची. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून नॅक्सोसला साधी मोठी फेरी पाच-साडेपाच तास घेते, सँटोरिनीला सात-आठ. हायस्पीडवाली लवकर पोचवते पण तिकीट बरंच महाग, आणि वारा सुटला की सहसा तीच आधी रद्द होते. उन्हाळ्यात उत्तरेकडून जो वारा येतो त्याला मेल्तेमी म्हणतात, जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जोरात असतो. आम्ही सप्टेंबरच्या सुरुवातीला गेलो तरी एक दिवस आमची फेरी रद्द झाली, तिकिटाचे पैसे परत मिळाले पण पुढच्या बेटावरची खोली आधीच पैसे भरून घेतलेली, ते गेले, आणि लग्नानंतरच्या सहाव्या दिवशी मी बंदरावर बॅगेवर बसून रडले. म्हणून सांगते, विमानाच्या दिवशी फेरी कधीच ठेवू नका, शेवटची रात्र अथेन्सलाच हवी.

आज जायचं झालं तर मी नऊ रात्री अशा वाटेन: अथेन्स दोन, नॅक्सोस चार, सँटोरिनी दोन, परत अथेन्स एक. सँटोरिनीहून परत येताना विमान घ्या, तासाभराच्या आत पोचता.

नॅक्सोसला चार रात्री का, कारण तुमचं दोघांचं भांडण तिथेच मिटतं. बंदरात शिरतानाच डाव्या हाताला एक प्रचंड संगमरवरी चौकट दिसते, तिला पोर्तारा म्हणतात, साधारण सहा मीटर उंच. इ.स.पू. ५३० च्या सुमाराला लिग्डामिस नावाच्या तिथल्या सत्ताधीशाने अपोलो या देवाचं देऊळ बांधायला घेतलं, ते पुरं झालंच नाही, आज मुख्यतः दार तेवढं उभं आहे आणि दारातून पलीकडचा समुद्र दिसतो. ग्रीक कथेत थीसियस हा वीर आपल्या प्रेयसीला, अरिआडनीला, याच बेटावर झोपलेली सोडून निघून जातो आणि मग मद्याचा देव डायोनिसस येऊन तिच्याशी लग्न करतो. नव्याने लग्न झालेल्या दोघांनी बघायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. आम्ही चारही संध्याकाळी तिथेच जाऊन बसलो. दुपारसाठी आगिओस प्रोकोपिओस आणि प्लाका हे लांबच लांब वाळूचे किनारे आहेत, नवरा खूश. आत सांग्रीजवळ शेतांच्या मधोमध डिमीटर या शेतीच्या देवीचं संगमरवरी देऊळ आहे, तिथे गर्दी फारशी नसते. उत्तरेला अपोलोनास गावाजवळच्या जुन्या खाणीत दहा मीटरहून लांब एक अर्धवट कोरलेला पुतळा तसाच आडवा पडलेला आहे, त्याची दाढी ओळखू येते, त्याच्याशेजारी उभं राहिलं की पोटात काहीतरी होतं.

आता डेलोस हे छोटं बेट. हे चुकवू नका म्हणजे नकाच. सीझनमध्ये नॅक्सोसहून दिवसाची बोट सहल मिळते, मिकोनॉसहून तर अर्ध्या-पाऊण तासावर आहे. ग्रीकांच्या मते अपोलो आणि आर्टेमिस इथे जन्मले, म्हणून हे बेट इतकं पवित्र की इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सवाल्यांनी इथल्या सगळ्या कबरी हलवल्या आणि इथे कुणी जन्मायचं नाही की मरायचं नाही असा नियम केला. आजही पर्यटकांना रात्री राहता येत नाही. नॅक्सोसच्या लोकांनी वाहिलेले संगमरवरी सिंह इ.स.पू. ६०० च्या आसपासचे आहेत, मूळचे संग्रहालयात ठेवलेत, बाहेर त्यांच्या प्रतिकृती आहेत. पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते एक घर. क्लिओपात्रा आणि डायोस्क्युरिडीस या नवरा-बायकोचं (ही इजिप्तची राणी नव्हे, अथेन्सची एक बाई). नवऱ्याने अपोलोच्या देवळाला चांदीच्या दोन तिवया दिल्या म्हणून बायकोने घरात दोघांचे पुतळे उभे केले, इ.स.पू. १३८ च्या सुमाराची गोष्ट. दोघांची डोकी आता नाहीत, पण शेजारी शेजारी उभे आहेत. माझा नवरा, ज्याला तोवर दगडांचा कंटाळा आला होता, तो तिथे बराच वेळ काही न बोलता थांबला आणि मग माझा हात धरला. एवढ्यासाठी तरी जा. सावली मात्र बेटावर जवळपास नाहीच, टोपी आणि भरपूर पाणी हवंच.

सँटोरिनीला सगळे सूर्यास्तासाठी इया गावाला जातात, गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. सूर्यास्त काल्डेराच्या (ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखाच्या) कड्यावरून बऱ्याच ठिकाणी दिसतो, आम्ही इमेरोविग्ली गावाच्या पायवाटेवर बसून बघितला आणि आजूबाजूला पाच-सहा माणसं होती. बघायचंच तर आक्रोतिरी बघा, इ.स.पू. १६०० च्या आसपासच्या ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं अख्खं गाव, दुमजली-तिमजली घरं, १९६७ पासून खणतायत. वर छप्पर आहे त्यामुळे भर दुपारीसुद्धा जाता येतं. तिथली पुष्कळ भित्तिचित्रं अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत, शेवटच्या दिवशी तिकडे जा, बेट बघून आल्यावर ती जास्त कळतात.

अथेन्समध्ये ॲक्रोपोलिसचं, म्हणजे टेकडीवरच्या प्राचीन देवळांचं, तिकीट वेळेच्या स्लॉटचं असतं, ३० युरो, ऑनलाइन आधी काढा आणि सकाळी आठचा पहिला स्लॉट घ्या. कडक उष्म्यात दुपारी काही तास ते बंदही ठेवतात. त्याच्या आदल्या संध्याकाळी खालचं ॲक्रोपोलिस म्युझियम बघा. उरलेल्या संध्याकाळी सुनिओनला, अथेन्सपासून ७० किमी, कड्यावर समुद्रदेव पोसायडनचं देऊळ, खाली समुद्र.

मिकोनॉस सोडा. क्रीट पुढच्या वेळेला, ते बेट आडवं साधारण २६० किमी आहे, तिथल्या क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याला एका दिवसात जाऊन येणं म्हणजे त्याच्यावर अन्याय.

महिना विचाराल तर सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरची सुरुवात. मेमध्ये फुलं असतात पण पाणी थंड असतं, नोव्हेंबरपासून बेटांवरची बरीच हॉटेलं बंद होतात.

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागेल, फी ९० युरो, किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांवर ठेवू नका. तुम्ही लग्नानंतर नाव बदलणार असाल तर विमानाचं तिकीट आणि व्हिसा पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने काढा, यात माझ्या मैत्रिणीचे फार हाल झाले. हॉटेलच्या दराशिवाय रात्रीमागे खोलीचा वेगळा कर तिथे भरावा लागतो, तोही धरा.

आणि अवशेषांच्या जागी ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही, टाचेच्या चपला चालत नाहीत, पडलेला खडासुद्धा उचलायचा नाही. कपल फोटोशूटसाठी फोटोग्राफर नेणार असाल तर त्याची परवानगी आधी काढावी लागते. आम्ही पोर्ताराच्या वाटेवर एका आजोबांना फोन देऊन फोटो काढून घेतला, थोडा वाकडा आलाय, तोच आता घरात फ्रेम करून लावलाय.

तारखा ठरल्या की कमेंटमध्ये टाका, फेरी कोणत्या दिवशी घ्यायची ते बघून सांगते.