‘फिल्म न्वार’ला रहस्यपट म्हणावं का?

प्रश्न असा आहे: ‘फिल्म न्वार’, म्हणजे गुन्ह्याची काळोखी गोष्ट सांगणारा सिनेमा, या प्रकाराला मराठीत ‘रहस्यपट’ म्हटलेलं चालेल का? नसेल तर ‘कृष्णपट’ कसा? आणि उच्चार नॉयर की न्वार?

उच्चाराचं आधी उरकतो. शब्द फ्रेंच, अर्थ ‘काळा’, उच्चार ‘न्वार’च्या जवळचा. ‘नॉयर’ हे रोमन अक्षरं वाचून झालेलं रूप. अन्वय, मन्वंतर सहज म्हणणाऱ्यांना न्वार जड जाऊ नये.

‘रहस्यपट’ला मात्र माझा ठाम विरोध आहे. का, ते १९४५च्या ‘डीटूर’वरून सांगतो. आपल्याकडे हा सिनेमा फारसा पाहिला गेलेला नाही. दिग्दर्शक एडगर उल्मर, पीआरसी ही हॉलिवूडमधली गरीब कंपनी, लांबी जेमतेम ६८ मिनिटं. न्यूयॉर्कच्या क्लबात पियानो वाजवणारा अल रॉबर्ट्स प्रेयसीला भेटायला लॉस एंजेलिसला निघतो. पैसे नाहीत, म्हणून रस्त्यात मिळेल त्या गाडीने. त्याला लिफ्ट देणारा हॅस्केल वाटेतच मरतो. आळ आपल्यावर येईल या भीतीने अल प्रेत लपवतो आणि त्याचे कपडे, पाकीट, गाडी, नाव, सगळं घेतो. पुढे व्हेरा नावाच्या बाईला गाडीत घेतो, आणि ती नेमकी हॅस्केलला ओळखणारी निघते.

यात शोधून काढायचं असं काय आहे? अल सुरुवातीलाच रस्त्याकडेच्या हॉटेलात कॉफीपुढे बसून झालं-गेलं आठवतोय. त्याचं वाटोळं झालंय हे चेहऱ्यावरच दिसतं. रहस्यपटात शेवटी गाठ सुटते, इथे ती डोळ्यांदेखत आवळत जाते.

आणि सांगणारा कोण, तर तोच. अल सारखा नशिबाच्या नावाने बोटं मोडतो. पण प्रेत लपवायचं त्यानेच ठरवलं, पाकीट त्यानेच उचललं, व्हेराला गाडीत त्यानेच बोलावलं. हॅस्केल कसा मेला, याचा साक्षीदारही तो एकटाच. त्याचं किती खरं मानायचं हे सिनेमा सांगत नाही, म्हणून तो पुन्हा पाहावासा वाटतो. कधी अलची दया येते, कधी त्याचा एक शब्दही पटत नाही.

पैशाची चणचण उल्मरने फार सुंदर निभावली आहे. न्यूयॉर्कचा रस्ता म्हणजे नुसतं दाट धुकं आणि त्यातून चालणारी दोघं. हॉटेलात अल आठवणीत शिरतो तेव्हा भोवतालचा उजेड विझत जातो आणि फक्त त्याच्या डोळ्यांवर एक पट्टा उरतो. अ‍ॅन सॅव्हेजची व्हेरा तर अंगावर येते. तिच्या बोलण्यात लाडीगोडी नावालाही नाही. टेलिफोनच्या वायरीचा प्रसंग इथे सांगत नाही, तो पाहाच. हक्क संपल्यामुळे याच्या खराब प्रती जागोजागी सापडतात. २०१८ साली दुरुस्त केलेली प्रत शोधा.

आता ‘कृष्णपट’. हा शब्द ऐकून गोकुळ आठवेल, नाहीतर ‘कृष्णधवल’. ‘काळपट’ही अनेकांना सुचतो, पण तो आधीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे. शिवाय ‘पट’ लागलेले आपले शब्द बहुधा विषय किंवा रूप सांगतात: युद्धपट, चरित्रपट, मूकपट. न्वारमधला काळा रंग माणसाच्या नियतीचा, त्याच्या कमकुवत मनाचा आहे. हे नाव हॉलिवूडने ठेवलेलंही नाही. १९४६ साली पॅरिसमध्ये नीनो फ्रँक या समीक्षकाने अमेरिकी गुन्हेपटांबद्दल लिहिताना ते वापरलं. म्हणजे ‘डीटूर’ काढताना उल्मरपुढे असा काही साचा नव्हता. पुढे इंग्रजीनेही तो शब्द जसाच्या तसा घेतला.

आपणही घ्यावा. ‘न्वार’ किंवा ‘न्वारपट’, दोन्ही चालतील: न्वारचा नायक, न्वार वळणाची गोष्ट, चाळीसच्या दशकातले न्वारपट. वाचकाला शब्द नवा असेल तर पहिल्यांदा येईल तिथे ‘गुन्ह्याची काळोखी गोष्ट’ एवढं जोडावं. पुढच्या परिच्छेदापासून त्याची गरज पडत नाही.