सुट्टी नेमकी कुणाची होती?

मागच्या अंकात सहज विचारलं होतं की तुमच्या लहानपणीच्या सुट्टीत आणि आताच्या सुट्टीत काय फरक पडला. मेलबॉक्स भरला. निम्म्या पत्रांत नुसते आंबे आणि फणस आहेत, ती वाचून मलाच भूक लागली. त्यातले तीन प्रश्न निवडलेत. पहिल्यावर जास्त लिहिलंय, कारण तसला वाद बहुतेक माझ्याही घरी झालेला आहे.

प्रश्न : ताई, आमच्याकडे दर एप्रिलला एकच भांडण. सासरे ७४ वर्षांचे, ते म्हणतात मे महिन्यात गावी कणकवलीला चला, घर उघडायला हवं. नवऱ्याला गोव्यात चार दिवस रिसॉर्टवर नुसतं लोळायचंय. मुलीची बारावी झाली, तिला मैत्रिणींबरोबर व्हिएतनाम, तेही रील्स बघून ठरवलेलं. सासरे म्हणतात तुम्हाला नाती नकोत, हॉटेलं हवीत. मला तर कुणी विचारतच नाही. आपण खरंच एवढे बदललो का? आणि सगळ्यांना एकत्र नेता येईल असं काही सुचवाल का? — एक वाचक, डोंबिवली

बदललो तर आहोतच, पण सासरे म्हणतात त्या कारणाने नाही असं मला वाटतं.

त्यांच्या लहानपणी कोकणात जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोट. बोट आत खोल पाण्यात थांबायची, मग पडावातून ट्रंका, पोरं, म्हाताऱ्या सगळं हेलकावत किनाऱ्यावर यायचं आणि तिथून गावापर्यंत बैलगाडी नाहीतर पाय. माझ्या पिढीला एसटी मिळाली. एसटी तशी १९४८ पासून होती पण आमच्यासाठी एसटी म्हणजे मे महिन्यातली रात्रीची जादा गाडी, खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा, होल्डॉल, फिरकीचा तांब्या, कशेडीच्या घाटात मागच्या सीटवर कुणीतरी ओकणार हे नक्की आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा मीच. आई आवळा सुपारी द्यायची, काही उपयोग व्हायचा नाही. सकाळी उतरलं की अंगावर लाल धुळीचा थर.

आता एवढा त्रास काढून गेल्यावर चार दिवसांत परत कोण येणार? म्हणून महिना महिना राहायचो. शाळेचा निकाल लागला की निघायचं आणि पावसाच्या आधी परतायचं. मग २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि बघा गंमत, गाव जवळ आलं तसा मुक्काम छोटा झाला. रात्री बसा, सकाळी उतरा, मग 'शनिवार-रविवार जोडून जाऊन येऊ की' सुरू झालं. त्यात दोघांच्या नोकऱ्या, मुलांचे क्लास, आजी-आजोबा गेल्यावर घरात कुणीच नाही, आणि सातबाऱ्यावर अकरा नावं लागल्यावर कौलं कुणी बदलायची हा प्रश्न. नाती नको झाली म्हणून कुणी गावाला जायचं बंद नाही केलं हो.

आता ते 'मला कुणी विचारतच नाही'.

आमच्या मामाकडे मे महिन्यात अठरा-एकोणीस माणसं असायची. आम्ही मामे-मावस भावंडं दिवसभर करवंदं नाहीतर विहीर, बाबा लोक पत्ते आणि झोप, आणि माझी आई-मावशी माहेरवाशिणी म्हणून त्यांना थोडा तरी आराम. मग काम कोण करत होतं? मामी. पहाटे चूल पेटायची, एकीकडे पेज, दुसरीकडे बिडाच्या तव्यावर घावनं. पहिलं घावन तव्याला चिकटून फाटतंच, ते ती बाजूला एका ताटलीत टाकायची. मधेच अजून एखादं बिघडायचं, तेही तिथेच. आधी पोरांची पंगत, मग पुरुष, मग पाहुण्या बायका, आणि अकरा वाजून गेल्यावर मामी त्या ताटलीतली गार, फाटकी घावनं काळ्या चहात बुडवून खायची. मी हे शंभर वेळा पाहिलंय आणि तेव्हा मला त्यात काही वेगळं दिसलं नाही, हे सांगताना लाज वाटते.

आणि एक गोष्ट तर मला लग्नानंतर कळली. मे महिन्यात मामी स्वतः माहेरी कधी गेलीच नाही. कशी जाणार, नणंदा आलेल्या! त्या गेल्या की मिरग, मग लावणी, मग गणपती. म्हणजे आमच्या ज्या सुट्टीच्या आठवणी काढून सगळे डोळे पुसतात ती सुट्टी एका बाईच्या सुट्टीवर उभी होती. सासऱ्यांना गावाची ओढ आहे ती खोटी नाही, पण त्यांना न्याहारी आयती मिळायची. तुम्हाला गावी जायचा कंटाळा येत असेल तर तो नात्यांचा नसून ओट्याचा आहे, हे घरात एकदा मोठ्याने बोला.

आता प्रॅक्टिकल. गाव आणि गोवा एकाच लाइनवर आहेत मग भांडता कशाला? मुंबई-मडगाव वंदे भारत ठाण्याला मिळते, कणकवलीला थांबते, पुढे गोव्यात थिवीलाही थांबते. तीन दिवस गाव, मग पुढे तीन दिवस गोवा. बसून जायचंय आणि दिवसाचा प्रवास आहे, त्यामुळे सासऱ्यांना बर्थची भानगड नाही. रिझर्व्हेशन आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून), तेव्हा मे महिन्यासाठी मार्चमध्येच गजर लावून बसा, एप्रिलमध्ये भांडून काहीच हाती लागत नाही. गावात एसटीने फिरणार असाल तर सासऱ्यांना अर्धं तिकीट, ७५ पूर्ण झाली की फुकट, आणि तुम्हाला बाई म्हणून अर्धं, बरोबर कुठलं कार्ड लागतं ते डेपोत आधी विचारून ठेवा म्हणजे झालं.

अट एकच घाला. घर दोन दिवस आधी गावातल्या कुणाकडून तरी पैसे देऊन झाडून-पुसून घ्या आणि जेवणाचा डबा लावा, बचत गटाच्या बायका नाहीतर शेजारची कुणी काकू घरगुती जेवण देतातच. सासरे म्हणतील गावात येऊन डबा? म्हणू देत. नाहीतर सकाळची घावनं नवऱ्याला घालायला सांगा, पहिलं फाटेल तेव्हा त्याचं त्यालाच कळेल.

मुलीचं म्हणाल तर अठरा पूर्ण असतील, पासपोर्ट असेल आणि मैत्रिणींच्या घरी तुम्ही एकदा बोललेल्या असाल तर फार घाबरू नका, व्हिएतनामचा व्हिसा ऑनलाइन निघतो. रील बघून ठरवलं म्हणून हसू पण नका. आम्ही काश्मीर कॅलेंडरवरच्या फोटोवरून ठरवायचो.

हो, मामीचं राहिलंच. अडुसष्टाव्या वर्षी ती फक्त बायकांच्या टूरबरोबर राजस्थानला जाऊन आली, तिच्या सुनेने पैसे भरले. आल्यावर मी विचारलं काय काय पाहिलंस, तर म्हणाली, "सकाळी चाय खोलीत हाडून देत. रोज!" किल्ल्यांची नावं तिला अजून सांगता येत नाहीत.

प्रश्न : मी पोस्टातून निवृत्त. एलटीसीवर (सरकारी नोकरीतल्या प्रवास-सवलतीवर) आम्ही कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत भारत पाहिला, धर्मशाळेत राहिलो, स्टोव्हवर खिचडी केली. मुलगा विमानाने जाऊन तीन दिवसांत केरळ 'करून' येतो. ह्याला प्रवास म्हणायचं का? आणि रेल्वेची ज्येष्ठांची सवलत परत सुरू झाली का? — एक वाचक, नाशिक

काका, सवलतीचं आधी सांगते : नाही. मार्च २०२० मध्ये बंद झाली ती अजून परत आलेली नाही. लोअर बर्थची सोय मात्र आहे, पुरुषांना ६० आणि बायकांना ४५ नंतर, शिल्लक असेल तर सिस्टिम आपोआप देते. काकूंचं आणि तुमचं एकाच तिकिटावर काढा, इतर तरुण मंडळींचं वेगळं, म्हणजे चान्स जास्त.

आता केरळ. तुम्ही कन्याकुमारीला गेलात त्यात हौस होतीच, पण नियमही होता की! चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये एकदाच भारतात कुठेही जायचं भाडं सरकार देणार, मग ते महाबळेश्वरवर कोण खर्च करेल, जितकं लांब तितका फायदा. त्यामुळे साध्या कारकुनानेही देशाची टोकं पाहिली आणि कलकत्त्याला महाराष्ट्र निवास, दिल्लीला पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन अशा ठिकाणी वरण-भात जेवला. मुलाला रजाच सलग पाच दिवस मिळत नसेल तर तो बिचारा तीन दिवसांतच 'करणार'. पण 'करून आलो' हा शब्द मलाही खटकतो, त्यात मी तुमच्या बाजूने. अर्थात तुम्हीसुद्धा चारधाम 'केले' असंच म्हणत असाल, आठवून बघा.

प्रश्न : मी २४, पुण्यात आयटीत. एकटीने हंपीला जायचंय. आई म्हणते आमच्या घरात एकटी बाई कधी कुठे गेली नाही. तिला काय सांगू? — एक वाचक, पुणे

आजी वारीला जाते का? बऱ्याच घरांत असते एखादी. नवरा घरी, मुलं घरी आणि ती दिंडीबरोबर आळंदीहून अठरा-वीस दिवस चालत पंढरपूर, शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर तंबूत झोपणार, नळावर अंघोळ. तिच्यासोबत दिंडी असते हे खरं, म्हणून तूही पहिल्या वेळी होस्पेटला दिवसा उजेडी पोचेल अशी गाडी घे, पहिल्या रात्रीची खोली आधी बुक कर, आणि लोकेशन आईला नाही, मावशीला शेअर कर, आई दर दहा मिनिटांनी बघत बसेल. मे महिन्यात जाऊ नकोस, तिथले दगड तापून भट्टी होते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं.

आणि निघायच्या आधी आजीची वारीची पिशवी उघडून बघ. दोन लुगडी, एक ताट-तांब्या, औषधाच्या गोळ्या, चटणीचा डबा. तुझ्या सॅकमध्ये हेअर ड्रायर असेल तर तो काढून ठेव.