मुलगा यायला तयार नसेल, तर आईवडिलांनी जावे का?

प्रश्न : आमचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. गेले तीन महिने शाळेची वेळ झाली की त्याचे पोट किंवा डोके दुखू लागते आणि दुपारनंतर तो बरा असतो. मित्रांचे फोन तो घेत नाही, रात्री उशिरापर्यंत जागा असतो. यजमान म्हणतात, हे वयच तसे असते. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ की समुपदेशक, कोणाकडे जावे हे कळत नाही. शिवाय ‘मी वेडा नाही’ असे म्हणून तो कुठेही यायला तयार नाही. – एक आई

उत्तर : त्याचे पोट खरोखरच दुखत असते, हे आधी ध्यानात घ्यावे. चिंतेमुळे होणारे दुखणे हे नाटक नसते. शाळा टळली की ते ओसरते आणि नेमक्या त्या सुटकेमुळेच दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडणे आणखी अवघड होऊन बसते. चिडचिड आणि एकटेपणाची ओढ या वयात येते-जाते, त्यामुळे यजमानांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. परंतु तीन महिने टिकलेला आणि शाळा, झोप व मैत्री या तिन्हींवर एकदम परिणाम करणारा बदल आपोआप जाईल, असे धरून चालणे मला योग्य वाटत नाही.

पहिली भेट आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची किंवा बालरोगतज्ज्ञांची घ्यावी. रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, अर्धशिशी अशी शारीरिक कारणे तपासणे गरजेचे आहेच आणि पोटदुखीसाठी डॉक्टरांकडे जायला मुलगा बहुधा नकार देणार नाही. मात्र त्याला फसवून नेऊ नये; मनाविषयीही बोलणे होईल, हे आधीच सांगावे. पुढची चिठ्ठी तेथूनच मिळू शकते. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असल्याने निदान करून औषधे देऊ शकतात; चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि संवादातून चालणारे उपचार करतात; समुपदेशकांचे प्रशिक्षण कमी-अधिक असते, म्हणून ते विचारून घ्यावे. या वयाची किती मुले आपल्याकडे येतात, पालकांना उपचारांत कितपत सहभागी करून घेता आणि किती भेटींनंतर प्रगतीचा आढावा घेता, हे प्रश्न फोनवरच विचारायला संकोच बाळगू नये.

तो येत नसेल, तर आपण दोघांनी जावे. हा नाइलाजाचा मार्ग आहे, असे समजू नका. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिंतारोग असलेल्या ७ ते १४ वयाच्या १२४ मुलांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला; त्यात केवळ पालकांसोबत केलेले काम मुलांवर थेट केलेल्या वर्तनोपचारापेक्षा कमी परिणामकारक ठरले नाही. आपला मुलगा त्या वयोगटाहून थोडा मोठा आहे, तरीही त्यातले सूत्र उपयोगी पडावे : त्याचा त्रास मान्य करायचा, ‘हे तुला झेपेल’ असा विश्वास दाखवायचा आणि त्याच्या भीतीला घरातून मिळणारी सवलत, उदाहरणार्थ रोज शाळेला कळवली जाणारी अनुपस्थिती, टप्प्याटप्प्याने कमी करायची. एकदम सगळे बंद केले, तर भांडणच वाढते. शाळेशी बोलून सुरुवातीला दोनच तासांची हजेरी ठरवता येते का, तेही पाहावे.

एक प्रश्न मात्र भेटीची वाट न पाहता विचारावा : ‘जगू नये, असे कधी मनात येते का?’ असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी असेल, तर त्याला एकटे सोडू नये, घरातील औषधे व धारदार वस्तू दूर ठेवाव्यात आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे. समुपदेशकांना सांगितलेले आईबाबांना कळेल का? – एक वाचक

उत्तर : आपण सज्ञान असल्याने आपले बोलणे सामान्यतः आपल्या संमतीशिवाय घरी सांगितले जात नाही. आपल्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला, तर हा नियम बाजूला ठेवला जातो; त्याखेरीज कायद्याने सांगावेच लागते, असे काही प्रसंगही असतात. पहिल्याच भेटीत ही मर्यादा स्पष्ट शब्दांत विचारावी. पुष्कळ समुपदेशक ती आपणहून सांगतात, आणि उत्तर देण्याचे टाळले जात असेल, तर आपण दुसरी व्यक्ती खुशाल शोधावी.