डीयूआयमध्ये ‘गिल्टी’ म्हणून मोकळं व्हावं का?

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला एच-वन-बीवर नोकरी करतो. आय-140 (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. सहा दिवसांपूर्वी रात्री जेवून घरी येताना पोलिसांनी गाडी थांबवली आणि डीयूआयखाली, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल, अटक केली. स्टेशनवरच्या श्वासचाचणीत 0.09 आणि 0.10 आलं. अपघात नाही, कुणाला इजा नाही, गाडीत मी एकटाच होतो, यापूर्वी साधं स्पीडिंगचं तिकीटही नाही. लायसन्स ठेवून घेऊन एक गुलाबी कागद दिला. कोर्टाची तारीख महिन्याभरानंतरची आहे. मित्र म्हणतात, पहिल्याच तारखेला गिल्टी म्हण, दंड भर, विषय संपव. इकडे व्हॉट्सॲपवर फिरतंय की एका डीयूआयवर डिपोर्ट करणारा कायदा आलाय. डिसेंबरमध्ये कोल्हापूरला धाकट्या बहिणीचं लग्न आहे, तिकीट काढून झालंय. काय करू?

उत्तर : आधी तो गुलाबी कागद बाहेर काढा. कोर्टाच्या तारखेला अवकाश आहे, या कागदाला नाही. तो तुमचं तात्पुरतं लायसन्स आहे आणि अटकेपासून 30 दिवस चालतो. पण डीएमव्हीकडे (लायसन्स देणारं राज्याचं वाहन खातं) सुनावणी मागायची मुदत अटकेपासून फक्त 10 दिवसांची असते. त्यातले सहा गेले. उद्या सकाळी डीएमव्हीच्या ड्रायव्हर सेफ्टी ऑफिसला फोन करा, सुनावणी मागा, ती होईपर्यंत निलंबन थांबवायला सांगा, आणि ज्याच्याशी बोललात त्याचं नाव, तारीख, वेळ लिहून ठेवा. मुदत हुकली तर 30 दिवसांनी लायसन्स आपोआप निलंबित होतं, पहिल्या वेळी चार महिन्यांसाठी. कोर्टात केस डिसमिस झाली तरी ते निलंबन आपोआप उठत नाही, कारण डीएमव्हीची कारवाई वेगळी आणि दिवाणी स्वरूपाची असते. या सुनावणीला तुमच्या वतीने वकील जाऊ शकतो. तुम्ही स्वतः शपथेवर काही सांगायला जाऊ नका. त्याचं कारण खाली येईलच.

आता व्हॉट्सॲपवरचा ‘कायदा’. तो कायदा झालेला नाही. ते एच.आर. 875 क्रमांकाचं विधेयक आहे. प्रतिनिधी सभेने ते 26 जून 2025 ला 246 विरुद्ध 160 मतांनी संमत केलं. हे लिहीपर्यंत सिनेटमध्ये त्यावर मतदान झालेलं नाही. असंच विधेयक फेब्रुवारी 2024 मध्येही सभेत 274 विरुद्ध 150 ने संमत झालं होतं, पण सिनेटने ते घेतलं नाही आणि ती काँग्रेस (अमेरिकी संसदेची दोन वर्षांची मुदत) संपल्यावर ते बाद झालं. सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदानापर्यंत पोचायलाच 60 मतं लागतात. सध्याची काँग्रेस 3 जानेवारी 2027 ला संपते. तोवर संमत झालं नाही तर हेही बाद होईल. विधेयकाच्या शीर्षकात ज्यांची नावं आहेत ती माणसं दारू प्यालेल्या चालकांमुळे प्राणाला मुकली, आणि 2024 ला काय किंवा 2025 ला काय, दोन्ही पक्षांतून मतं पडली आहेत. त्यामुळे ‘हे कधीच होणार नाही’ असं धरून चालू नका. मेसेज पाठवणाऱ्यांनी बहुधा त्याची लेकन रायली कायद्याशी गल्लत केली आहे. तो 29 जानेवारी 2025 ला सही होऊन खरोखर कायदा झाला, पण तो चोरी, घरफोडी, पोलिसावर हल्ला, कुणाला मृत्यू किंवा गंभीर इजा अशा गुन्ह्यांत अडकलेल्या आणि वैध प्रवेश नसलेल्या लोकांच्या सक्तीच्या कोठडीचा आहे. तुमच्या केसला तो लागत नाही.

विधेयकाचा मजकूर मात्र तुम्ही शब्दन् शब्द समजून घ्या, कारण तुमचा कोर्टातला डाव त्यावरच ठरायला हवा. त्यात दोन वेगळ्या तरतुदी आहेत. पहिली देशात असलेल्यांसाठी : नशेत गाडी चालवल्याबद्दल दोषसिद्धी झाली की माणूस हद्दपारीला पात्र, गुन्हा किरकोळ की गंभीर हे बघायचंच नाही. दुसरी दारात उभ्या असलेल्यांसाठी, म्हणजे व्हिसा मागणारे, विमानतळावर उतरणारे आणि ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज भरणारे. त्यांच्यासाठी दोषसिद्धीचीही गरज नाही. ‘मी तसं केलं’ अशी कबुली, किंवा गुन्ह्याचे घटक पूर्ण होतील अशा कृत्यांची कबुली, एवढ्यावर प्रवेश नाकारता येईल. डीएमव्हीसमोर शपथेवर बोलू नका म्हटलं ते यासाठीच. आजच्या कायद्यातही ‘कबुली’ हा शब्द आहे, पण फक्त काही गुन्ह्यांपुरता, आणि बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने (इमिग्रेशन प्रकरणांचं अपील मंडळ) 1957 मध्येच घालून दिलेली अट अशी की अधिकाऱ्याने आधी गुन्ह्याची व्याख्या समजेल अशा भाषेत सांगायची आणि मग कबुली घ्यायची. ते संरक्षण पुढेही मागता येईल. पण शपथेवरच्या जबानीची प्रत फाइलला लागलेली असली की वाद कठीण होतो.

आज काय स्थिती आहे? आजच्या कायद्याने एका साध्या डीयूआयवर हद्दपारी होत नाही. 2004 मध्ये सुप्रीम कोर्टाने लिओकाल खटल्यात एकमताने ठरवलं की डीयूआय हा ‘हिंसेचा गुन्हा’ नाही. साधा डीयूआय ‘नैतिक अधःपतनाचा गुन्हा’ही नाही, असं बोर्डाने त्याआधीच सांगितलं आहे. लायसन्स निलंबित आहे हे माहीत असताना पिऊन गाडी चालवली, किंवा गाडीत मूल होतं म्हणून बालसुरक्षेचं कलम लागलं, तर गणित बदलतं. तुमच्याकडे यातलं काही नाही. म्हणूनच ही केस घाईने वाया घालवू नका, असं मी कळकळीने सांगतो.

मित्रांच्या सल्ल्यात घोटाळा नेमका इथे आहे. इमिग्रेशनच्या व्याख्येत दोषसिद्धी म्हणजे गिल्टी किंवा ‘नो कॉन्टेस्ट’ (आरोप लढवत नाही) म्हणणं आणि त्यावर कोर्टाने काहीही शिक्षा किंवा बंधन घालणं. ‘नो कॉन्टेस्ट म्हणजे कबुली नाही’ हे तुमच्या विम्याच्या भांडणात कामाला येईल, इमिग्रेशनमध्ये नाही. प्रोबेशन संपल्यावर पीनल कोडच्या 1203.4 खाली केस ‘डिसमिस’ करून घेतात, त्याचाही इथे उपयोग नाही. दोषसिद्धी तशीच राहते. आणि कॅलिफोर्नियात डीयूआयला डायव्हर्जन, म्हणजे कोर्स पूर्ण करा आणि केस मिटवा ही सोय, जवळजवळ नाहीच. व्हेइकल कोडच्या 23640 ने ती बंद केली आहे. दुसऱ्या राज्यातल्या मित्राला मिळाली म्हणून तुम्हाला मिळेल असं नाही.

पुढे विधेयक संमत झालंच तर आजची कबुली त्यात सापडेल का? काँग्रेस कधी कधी स्पष्ट लिहिते की नवं कलम जुन्या दोषसिद्धींनाही लागू. 1996 मध्ये ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’च्या (इमिग्रेशन कायद्यातल्या गंभीर गुन्ह्यांच्या) व्याख्येत तसं लिहिलं होतं आणि त्यात वर्षानुवर्षं जुनी प्रकरणं उकरली गेली. या विधेयकात जुन्या प्रकरणांना सूट देणारं वाक्य नाही, ती ओढून घेणारंही नाही. कायदा गप्प असेल तर तो मागे लावू नये, असा युक्तिवाद सुप्रीम कोर्टाच्या 2001 च्या सेंट सिर आणि 2012 च्या व्हार्टेलस या निकालांवर उभा करता येतो. पण तो युक्तिवाद झाला, हमी नव्हे. दोषसिद्धीच नसेल तर त्याची गरजच पडणार नाही.

म्हणून पहिल्या तारखेला ‘नॉट गिल्टी’. हे खोटं बोलणं नाही. सरकारने आरोप सिद्ध करावा, एवढाच त्याचा अर्थ. कोठडीत नसलेल्या आरोपीचा किरकोळ गुन्ह्याचा खटला 45 दिवसांत उभा राहायला हवा. पुरावे तपासायला वेळ हवा म्हणून वकील बहुधा हा हक्क तात्पुरता सोडायला सांगतील. तुमचे आकडे 0.08 या कायदेशीर मर्यादेच्या लगेच वरचे आहेत, तेव्हा यंत्राची कागदपत्रं फार महत्त्वाची. राज्याच्या टायटल 17 नियमांनुसार यंत्राची अचूकता दर 10 दिवसांनी किंवा 150 चाचण्यांनंतर, जे आधी येईल तेव्हा, तपासायची असते. चाचणीआधी सलग 15 मिनिटं तुमच्यावर नजर ठेवायची असते, त्या वेळात ढेकर, उलटी, खाणंपिणं, सिगारेट काही नाही. दोन नमुन्यांत 0.02 पेक्षा जास्त फरक नको. तुमचे दोन नमुने त्यात बसतात, पण ती 15 मिनिटं खरंच पाळली का ते पोलिसाच्या बॉडी कॅमेऱ्यात दिसतं. तो व्हिडिओ आणि देखभालीची नोंदवही वकिलाकडून मागवून घ्या. शेवटचा घोट कधी घेतला तेही आठवून आजच वकिलासाठी लिहून काढा. गाडी चालवताना पातळी चढत होती आणि स्टेशनवर ती जास्त आली, हा बचाव त्या वेळेवरच उभा राहतो. कागदावर ‘वकिलासाठी’ असं लिहा आणि तो दुसऱ्या कुणाला दाखवू नका, ऑफिसच्या लॅपटॉपवरही टाइप करू नका.

0.08 च्या आसपासच्या केसेसमध्ये सरकारी वकील अनेकदा ‘वेट रेकलेस’वर उतरतात, म्हणजे बेदरकार ड्रायव्हिंगची कबुली, सोबत दारूची नोंद. दंड कमी, प्रोबेशन कमी, आणि डीयूआयमधल्या 48 तासांच्या तुरुंगाचा प्रश्नही टळतो. पण 10 वर्षांत पुन्हा सापडलात तर हा गुन्हा पहिला डीयूआय म्हणून मोजला जातो. आणि दारूची ती नोंद उद्या या विधेयकाखाली ‘नशेत चालवण्याचा गुन्हा’ म्हणून वाचली जाऊ शकते. दारूचा उल्लेख नसलेलं ‘ड्राय रेकलेस’ तुमच्यासाठी त्याहून पुष्कळ चांगलं. ते मिळवायला कष्ट पडतात. अल्कोहोल असेसमेंट करून घेणं, तीन महिन्यांचा 30 तासांचा कोर्स आधीच सुरू करणं, इग्निशन इंटरलॉक (श्वासात दारू असली तर गाडी सुरू न होऊ देणारं यंत्र) स्वतःहून बसवणं, असं काहीतरी टेबलावर ठेवावं लागतं. पीनल कोडच्या 1016.3 नुसार तुमच्या वकिलाने इमिग्रेशनचे परिणाम अचूक सांगायचे असतात आणि सरकारी वकिलानेही तडजोडीत ते विचारात घ्यायचे असतात. त्याचा हवाला देऊन मागणी लेखी करा. फौजदारी वकील इमिग्रेशन जाणणारा नसेल तर दोघांना एकमेकांशी बोलायला लावा, आणि ते प्ली फॉर्मवर (कबुलीच्या कागदावर) सही करण्याआधी, नंतर नाही. चुकीच्या सल्ल्याने झालेली कबुली 1473.7 खाली रद्द करून घेता येते, पण त्यात वर्षं जातात.

आता लग्नाचं. व्हिसा आणि स्टेटस या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुमचं स्टेटस आय-94 वर (प्रवेशाच्या वेळी होणारी नोंद) चालतं. पासपोर्टातला शिक्का फक्त दारातून आत येण्यापुरता. बोटांचे ठसे घेतले की अटकेची नोंद परराष्ट्र खात्यापर्यंत जाते, आणि गेल्या पाच वर्षांतल्या एका डीयूआय अटकेवर, दोषसिद्धी नसतानाही, खातं व्हिसा रद्द करतं. ईमेल डीएस-160 वर (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) दिलेल्या पत्त्यावर येतो. तो बहुतेकांचा जुना पत्ता असतो, तेव्हा स्पॅमसकट तपासा. नेहमी असा व्हिसा तुम्ही देश सोडल्यावर रद्द मानला जातो, पण पत्रातला शब्द नेमका काय आहे हे वकिलाला वाचायला द्या. शिक्का रद्द झाला की कोल्हापूरहून परतीच्या विमानात बसता येत नाही. मुंबईत नव्याने अर्ज, मुलाखत, आणि वाणिज्य दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी. डॉक्टर दारूच्या सवयीबद्दल विचारतो, गांजाबद्दलही विचारतो. कॅलिफोर्नियात दुकानात मिळणारी गांजाची गमी केंद्राच्या कायद्यात आजही बेकायदा आहे, आणि ‘खाल्ली होती’ ही कबुली आजच्या आज प्रवेश बंद करू शकते. असा प्रसंग आयुष्यात असेल तर अपॉइंटमेंट घेण्याआधी वकिलाशी बोला. ‘कधी अटक झाली आहे का’ या प्रश्नाला मात्र नेहमी ‘हो’ लिहायचं, केस सुटली तरीही. ते लपवणं हा डीयूआयपेक्षा मोठा अपराध ठरतो.

मुंबईतल्या या सगळ्याला किती आठवडे लागतील ते आधी सांगता येत नाही, आणि कोर्टाची तारीख चुकली तर वॉरंट निघतं. बहिणीच्या लग्नाला जाऊ नका असं लिहिताना वाईट वाटतं, पण केस चालू असताना डिसेंबरमध्ये निघू नका. ड्राय रेकलेस झालं, कोर्टाकडून निकालाची सर्टिफाइड प्रत हातात आली, कंपनीने दोन महिने भारतातून काम करू देण्याचं लेखी दिलं, की उन्हाळ्यात जा. घरच्यांना आताच कळवा आणि तिकिटाची रद्द करायची शेवटची तारीख बघा.